लाल त्रिकोण, लाल रिबन

कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात फिरताना दोन चिन्हं हमखास दिसतात. एक उलटा लाल त्रिकोण, कुटुंब नियोजनाचा. दुसरी लाल रिबन, एचआयव्हीची. दोन्ही एकाच छताखाली, बरेचदा एकाच मजल्यावर. तरी एका दाराआड चाललेलं काम दुसऱ्या दाराआड माहीत असेलच, असं नाही.

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं जिथे मोफत मिळतात तिथे, वर्षानुवर्षं येणाऱ्या तिशीतल्या बाईचा विचार करा. तिचं वजन होतं. गोळ्या चुकल्या का, हे विचारलं जातं. खोकला, ताप, रात्रीचा घाम असे टीबीचे प्रश्न होतात. रक्तातल्या विषाणूंची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड, वेळच्या वेळी होते. पण ‘ताई, येत्या वर्षात मूल हवंय का? नको असेल तर काय वापरता?’ हा प्रश्न? मार्गदर्शक सूचनांमध्ये तो आहे. प्रत्यक्षात तो विचारला जाईल की नाही, हे त्या दिवशी बाहेर रांग किती आहे आणि खुर्चीत कोण बसलंय, यावर ठरतं. उलट बाजूनेही तसंच. तांबी बसवायला आलेल्या बाईशी एचआयव्हीबद्दल कोणी बोलेल, याची खात्री नाही. दोन्ही गोष्टी एकाच शरीराच्या आणि एकाच संबंधातून उद्भवणाऱ्या. मग त्यांची दारं वेगळी का?

दोन खाती, दोन वह्या

उत्तराचा पहिला भाग इतिहासात आहे. भारताचा कुटुंब नियोजन कार्यक्रम 1952 चा. देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले 1986 मध्ये, चेन्नईत. आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’, उभी राहिली 1992 मध्ये. दोन्ही कार्यक्रमांमध्ये चाळीस वर्षांचं अंतर. पहिल्याची चिंता वाढती लोकसंख्या आणि बाळंतपणांखाली पिचणाऱ्या बायका. दुसऱ्याची, एक अनोळखी साथ. पैसा वेगळ्या वाटेने आला, माणसं वेगळी नेमली गेली, प्रशिक्षणं वेगळी झाली.

आणि मोजमापही वेगळं ठरलं. एकीकडे ऑपरेशनं किती, तांब्या किती. दुसरीकडे चाचण्या किती, उपचारावर किती, विषाणू दबलेले किती. एखाद्या एचआयव्हीबाधित बाईने तांबी बसवून घेतली, तर एका वहीत एक तांबी वाढते आणि दुसऱ्या वहीत एक रुग्ण हजर लागतो. या दोन नोंदी एकाच बाईच्या आहेत, हे दोन्ही वह्यांना कळत नाही. कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या कामाला रकाना नसतो, ते गर्दीच्या दिवशी आधी गळतं.

निरोध तेवढा दोन्ही खोल्यांत सापडतो, पण त्याचा अर्थ खोलीगणिक बदलतो. त्रिकोणाच्या खोलीत तो पाळणा लांबवणारा, रिबनच्या खोलीत आजार रोखणारा. याचा महाराष्ट्राला कसा फटका बसतो, ते पुढे पाहू.

चारातला विसरलेला दुसरा

आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने चार कामं सांगितली आहेत. पहिलं, मुळात स्त्रीला लागण होऊ न देणं. दुसरं, लागण झालेल्या स्त्रीला नको असताना दिवस जाऊ न देणं. तिसरं, गरोदर बाधित स्त्रीकडून बाळाकडे विषाणू जाऊ न देणं. चौथं, आई, बाळ आणि कुटुंबाचा पुढचा सांभाळ.

पैसा, लक्ष आणि कौतुक यांतलं बहुतेक तिसऱ्याच्या वाट्याला गेलं. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. तिसऱ्या कामाच्या शेवटी एक गुटगुटीत, निगेटिव्ह रिपोर्ट असलेलं बाळ दिसतं. त्याचा फोटो निघतो. दुसरं काम यशस्वी झालं, तर काहीच घडत नाही. न राहिलेल्या दिवसांचा फोटो कुठून काढणार?

आता आकडे पाहू. कोणताच उपचार नसेल, तर बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात 15 ते 45 असतं. विषाणू गर्भात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून जाऊ शकतो. आईने नियमित औषधं घेतली आणि बाळालाही सुरुवातीचे काही आठवडे औषध दिलं, तर हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. भारतात आधी प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपिनचा एक डोस दिला जाई. 2014 पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला तीन औषधांचा आयुष्यभराचा उपचार सुरू करण्याचं धोरण आलं.

औषधं महाग आणि दुर्मीळ होती, तेव्हा नको असलेलं एक गर्भारपण टाळणं हा बाळाची लागण टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. 2004 च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या ग्लिऑन गावी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि तज्ज्ञ जमले आणि कुटुंब नियोजन व एचआयव्ही सेवा जोडा, असं आवाहन त्यांनी केलं, ते मुख्यतः या हिशोबावर. आज औषधं मोफत मिळतात, त्यामुळे हिशोबाची धार बोथट झाली आहे. मला ते बरंच वाटतं. कारण त्या हिशोबात बाई ही बाळापर्यंत पोचण्याची वाट होती. आता प्रश्न सरळ तिच्यापाशी येतो: मूल हवं की नको, कधी, किती, हे तिला ठरवता येतं का?

ऑपरेशन झालं, निरोध गेला

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळं वळण घेतो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्क्यांची नसबंदी झालेली होती. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या जणींची. पुरुषांच्या नसबंदीचा देशपातळीवरचा आकडा 0.3 टक्के. तोही वाचून ठेवावा.

आपल्याकडचा क्रम ठरलेला: लग्न, लवकर पहिलं मूल, पाठोपाठ दुसरं, आणि पंचविशीच्या आसपास ‘ऑपरेशन’. पुढची वीसेक वर्षं त्या बाईला गर्भनिरोधकाची गरज नसते, म्हणून कुटुंब नियोजनाच्या खोलीचीही नसते. आणि घरात निरोधही उरत नाही, कारण तो आणला होता मूल होऊ नये म्हणून. ऑपरेशननंतर नवऱ्याला ‘वापरा’ म्हणायचं, तर कारण सांगावं लागतं. आणि जे कारण उरतं ते संशयाचं. ट्रकवर, ऊसतोडीला, बांधकामावर महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या नवऱ्याला हे कोणत्या तोंडाने विचारायचं? भारतात लागण झालेल्या असंख्य विवाहित स्त्रियांच्या बाबतीत विषाणू नवऱ्यामार्फतच आला आहे.

म्हणजे गर्भधारणेपासूनचं संरक्षण पूर्ण, संसर्गापासूनचं शून्य. सेवा जोडायच्या असं म्हणताना आपण बहुधा एआरटी केंद्रात गर्भनिरोधकं ठेवण्याचा विचार करतो. महाराष्ट्राला उलटी जोडणीही तितकीच हवी. नसबंदीच्या आधीच्या समुपदेशनात हे वाक्य यायला हवं: ‘या ऑपरेशनने दिवस राहणार नाहीत, आजार मात्र येऊ शकतो.’ आणि ते नवऱ्यासमोर म्हटलं जायला हवं.

निरोध दोन्ही कामं करतो, मग तोच पुरे, असं कोणी म्हणेल. प्रत्येक वेळी, अगदी बरोबर वापरला, तर वर्षभरात शंभरातल्या दोनच बायकांना दिवस जातात. पण माणसं जशी प्रत्यक्षात वापरतात, तशी पाहिलं तर तेरा जणींना. शिवाय तो वापरायचा की नाही, हे पुरुषाच्या हातात. म्हणून तज्ज्ञ ‘दुहेरी संरक्षण’ सुचवतात: आजारासाठी निरोध, आणि गर्भासाठी बाईच्या ताब्यातलं दुसरं काहीतरी.

गोळी गोळीला कशी खाते

हे ‘दुसरं काहीतरी’ निवडताना दोन खोल्यांनी एकमेकींशी बोलणं अगदी वैद्यकीय कारणासाठीही गरजेचं होतं. कसं, ते पाहू.

दंडाच्या कातडीखाली बसवायची एक बारीक सळई असते, इम्प्लांट. त्यातून काही वर्षं अगदी थोडं थोडं हॉर्मोन रक्तात झिरपतं आणि दिवस जाऊ देत नाही. आता तळाला छोटं भोक असलेलं पिंप डोळ्यांसमोर आणा. वरून नळाची बारीक धार चालू आहे, खालून तेवढंच पाणी जातंय. पातळी टिकून आहे. नळ म्हणजे इम्प्लांट, भोक म्हणजे यकृत, जे रक्तातलं हॉर्मोन मोडून बाहेर टाकत असतं. एचआयव्हीवरचं एफाव्हिरेन्झ हे औषध यकृतातल्या त्या मोडतोड करणाऱ्या विकरांना कामाला लावतं, म्हणजेच भोक मोठं करतं. धार तीच राहिली तरी पिंपातली पातळी उतरते.

युगांडात झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मोजलं गेलं. लेव्होनॉर्जेस्ट्रेलचं इम्प्लांट बसवलेल्या आणि एफाव्हिरेन्झ घेणाऱ्या वीस बायकांमध्ये हॉर्मोनची पातळी जवळपास निम्म्यावर आली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तिघींना दिवस गेले. हे इम्प्लांट एरवी हजारात एखाददुसरीच्याच बाबतीत फसतं. अभ्यासाबाहेरच्या अशा बाईला कोणी सांगितलेलं असतं का, की तिच्या दोन औषधांचं पटत नाही? सांगणार कोण? एक औषध एका खोलीतलं, दुसरं दुसऱ्या.

भारतात कित्येक वर्षं एचआयव्हीच्या रोजच्या एका गोळीत एफाव्हिरेन्झ होतं. सरकारी कार्यक्रमात तेव्हा इम्प्लांट नव्हतं, म्हणून आपण या पेचातून थोडक्यात सुटलो. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या इमर्जन्सी गोळीत मात्र तेच हॉर्मोन असतं, आणि तीही एफाव्हिरेन्झपुढे दुबळी पडते. टीबीवरचं रिफॅम्पिसिनही यकृताला असंच चेतवतं. एचआयव्ही आणि टीबीची जोडी आपल्याकडे किती जुनी, ते सांगायला नको.

आता गोळीत एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आलं आहे, आणि ते हॉर्मोनच्या वाटेला जात नाही. पण ते येतानाही गोंधळ घालूनच आलं. 2018 मध्ये बोट्स्वानातल्या एका मोठ्या निरीक्षणात दिसलं की दिवस राहतानाच हे औषध चालू असलेल्या 426 बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदू-मणक्याची घडण बिघडली होती. ही घडण गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत होते. तोवर बाईला पाळी चुकल्याचंही धड लक्षात आलेलं नसतं. आरोग्य संघटनेने सावधगिरीचा इशारा दिला: खात्रीचं गर्भनिरोधक असेल तरच हे औषध द्या. काही देशांनी त्याचा अर्थ असा लावला की मूल होण्याच्या वयातल्या बाईला हे चांगलं औषध द्यायचंच नाही. तिला जुन्या एफाव्हिरेन्झवर ठेवलं गेलं, जे तिचं इम्प्लांट निकामी करू शकत होतं!

त्याच वर्षी जुलैत किगालीमध्ये आफ्रिकेतल्या बाधित स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी साफ सांगितलं: धोका आम्हाला समजावून सांगा, गर्भनिरोधकं द्या, आणि निवड आमची आम्हाला करू द्या. पुढे निरीक्षण चालू राहिलं, तसा तो आकडा शंभरात एकावरून खूप खाली आला; 2019 मध्ये आरोग्य संघटनेने हे औषध सगळ्यांसाठी सुचवलं.

> चौकट: एचआयव्हीची औषधं चालू असताना काय चालतं?
>
> निरोध: नेहमीच. शक्यतो आणखी एका साधनासोबत. ‘नॉनॉक्सिनॉल-9’ हे शुक्रजंतुनाशक मात्र नको. त्याने योनीतला नाजूक थर दुखावतो आणि लागण सोपी होते.
>
> तांबी: यात हॉर्मोन नसतं, म्हणून कोणत्याही औषधाशी झगडा नाही. प्रकृती फार खालावलेली असेल, तर ती सुधारल्यावर बसवणं बरं.
>
> अंतरा (दर तीन महिन्यांनी इंजेक्शन): चालतं. एफाव्हिरेन्झनेही याचा प्रभाव उणावत नाही.
>
> रोजच्या हॉर्मोनच्या गोळ्या, इम्प्लांट, इमर्जन्सी गोळी: डोल्युटेग्राव्हिरसोबत अडचण नाही, एफाव्हिरेन्झ किंवा रिफॅम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
>
> नसबंदी: चालते, पण पूर्ण समजून दिलेल्या संमतीनेच. नवऱ्याची नसबंदी हाही पर्याय आहे.

इंजेक्शनवरचा संशय

तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर दुसराच आरोप होता: ते घेणाऱ्या निरोगी बाईला एचआयव्ही होण्याचा धोका वाढतो. पंचवीसेक वर्षं काही अभ्यास ‘हो’ म्हणत राहिले, काही ‘नाही’. अडचण अशी की इंजेक्शन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची आयुष्यंच वेगळी असतात. निरोध कोण किती वापरतं, हेही वेगळं. अखेर केनिया, दक्षिण आफ्रिका, झांबिया आणि एस्वातिनीतल्या 7,800 हून अधिक स्त्रियांना चिठ्ठी टाकावी तसं, त्यांच्या संमतीने, इंजेक्शन, तांबी किंवा इम्प्लांट दिलं गेलं. 2019 मध्ये निकाल आला. तिन्ही गटांत लागणीच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. इंजेक्शन सुटलं.

पण त्याच अभ्यासाने एक अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. तिन्ही गट मिळून वर्षाला शंभरात जवळपास चार बायकांना नव्याने लागण होत होती. या बायका नियमितपणे गर्भनिरोधकासाठी दवाखान्यात येत होत्या, त्यांना निरोध दिला जात होता, समुपदेशन होत होतं. एवढं असूनही. कुटुंब नियोजनाच्या दारात एचआयव्ही प्रतिबंधाची सोय का हवी, याचा याहून ठोस पुरावा मला माहीत नाही.

आणि मूल हवं असेल तर?

‘एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, या बायकांना मुलं होऊ द्यायची नाहीत. हा समज फक्त बाहेरच्यांचा नाही. दवाखान्यातही तो असतो. नामिबियात तीन बाधित स्त्रियांची, त्यांची खरी संमती न घेता, प्रसूतीच्या वेळीच नसबंदी केली गेली. कागदांवर सह्या होत्या, पण कळा येत असताना घेतलेल्या. त्या कोर्टात गेल्या, आणि 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भारतात 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, गरोदर बाधित स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करण्यास मनाई करतो.

आणि मूल हवं असणं आज अविचारही राहिलेलं नाही. 2011 मध्ये आलेल्या ‘एचपीटीएन 052’ या अभ्यासात एकाला लागण आणि दुसऱ्याला नाही अशी जोडपी होती. पुण्यातलं केंद्रही त्यात सहभागी होतं. बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही, हे पुढच्या अभ्यासांनी पक्कं केलं. म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला द्यायचा सल्ला साधा आहे: आधी व्हायरल लोड तपासा, तो दबलेला नसेल तर दबेपर्यंत गर्भनिरोधक वापरा, टीबी असेल तर त्याचा उपचार पुरा करा, फॉलिक ॲसिड सुरू करा, मग मोकळ्या व्हा. यातलं अर्धं एका खोलीतलं, अर्धं दुसऱ्या.

जोडायचं म्हणजे काय करायचं

साधारण तीन पातळ्या असतात. सर्वांत सोपी, चिठ्ठी देऊन दुसऱ्या खोलीत पाठवणं. तिथे रांग, अनोळखी सिस्टर, आणि पुन्हा सगळं सांगणं; वाटेतच निम्म्या जणी घरी जातात तर नवल नाही. दुसरी, सोबत माणूस देऊन पोचवणं. तिसरी, त्याच खोलीत, त्याच माणसाकडून दोन्ही सेवा.

तिसरीने खरंच फरक पडतो का? केनियाच्या न्यान्झा भागात 18 एचआयव्ही दवाखान्यांत हे तपासलं गेलं. काहींत गर्भनिरोधकं तिथेच दिली, काहींत चिठ्ठीची जुनी पद्धत ठेवली. सेवा एकत्र केल्या तिथे परिणामकारक गर्भनिरोधक वापरणाऱ्या बायका 16.7 वरून 36.6 टक्क्यांवर गेल्या. चिठ्ठीच्या ठिकाणी 21.1 वरून 29.8 वर. मात्र गर्भारपणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. जोडणीचे कैवारी हा दुसरा निकाल घाईने ओलांडून जातात. खोली एक केल्याने साधन हातात येतं. ते कुठलं आहे, किती दिवस टिकतं, घरी कोण काय म्हणतं, हे त्याने सुटत नाही.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे, गुप्ततेची. जोडणी म्हणजे माहिती पुढे जाणं. आणि गावात माहिती पुढे जाणं म्हणजे काय, हे बाधित बाईला विचारा. आशाताई शेजारच्याच गल्लीतली असते. कायदा परवानगीशिवाय कोणाची लागण उघड करू देत नाही. म्हणून बाईचं नाव एआरटी केंद्रातून बाहेर नेण्यापेक्षा साधनं आत आणणं बरं. निरोध, ‘छाया’ ही हॉर्मोन नसलेली आठवड्याची गोळी आणि ‘अंतरा’ एवढं ठेवायला एक कपाट आणि प्रशिक्षित सिस्टर पुरते. तांबीला तपासणीचं टेबल लागतं, म्हणून त्यासाठी दुसरीकडे पाठवावंच लागेल. पण त्या कागदावर एआरटी केंद्राचा शिक्का असण्याची गरज नसते.

तारखा जुळवणं तर आणखी सोपं. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना आता एका वेळी तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. अंतराही तीन महिन्यांनीच लागतं, आणि ठरलेल्या दिवसाच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत घेतलेलं चालतं. दोन्हींची तारीख एक ठेवली, तर एका खेपेत काम होतं आणि एकाच दिवसाची मजुरी बुडते.